आडात आहे तेच पोहऱ्यात

सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या मागच्या अंगाला, पाहुण्यांना सहसा जिथे नेत नाहीत तिथे, वाळूचे लांबरुंद वाफे असतात. टाकीतून निघालेला काळा, दाट गाळ त्यांवर पसरतात. थोडं पाणी खाली वाळूत झिरपतं, थोडं उन्हाने उडून जातं आणि काही दिवसांत गाळ आकसून त्याला भेगा पडतात. त्या भेगांतून टोमॅटोची रोपं वर येतात. ती कोणी लावलेली नसतात. माणसाच्या पोटातून, गटारातून, टाकीतल्या जिवाणूंच्या तावडीतून सुटून ते बी इथवर जिवंत आलेलं असतं. जगात कुठेही जा, गाळाच्या वाफ्यांवर काम करणाऱ्या माणसाला ही रोपं ओळखीची असतात. पानं गडद हिरवी, खोड जाडजूड. एखाद्या शेतकऱ्याने ती पाहिली तर त्याला या गाळाचा मोह पडेल, आणि त्यात त्याचं काहीच चुकत नाही.

गाळात कस असतोच. नत्र असतं, स्फुरद असतं, जस्त-तांब्यासारखी सूक्ष्म अन्नद्रव्यं असतात आणि आपल्या जमिनींतून झपाट्याने कमी होत चाललेला सेंद्रिय कर्ब असतो. स्फुरदासाठी तर भारत जवळजवळ पूर्णपणे परदेशावर अवलंबून आहे. मोरोक्को, जॉर्डनसारख्या देशांतून ते बोटीने येतं, त्याचं खत होतं, खतातून पिकात, पिकातून ताटात आणि ताटातून शेवटी संडासात जातं. इतक्या लांबून, इतके पैसे मोजून आणलेली वस्तू नदीत किंवा समुद्रात सोडून द्यायची, ही उधळपट्टी आहे. जमिनीतून घेतलेलं जमिनीला परत दिलं पाहिजे, हा विचार मला लहानपणापासून पटत आलेला आहे आणि आजही पटतो. पुढे जे लिहिणार आहे ते या विचाराच्या बाजूने उभं राहूनच लिहिणार आहे.

आपल्याकडे या विचाराला माणसंही फार मोठी लाभली. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडास आणि सोनखत यांची सांगड घातली. मैला उचलण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या एका जातीच्या माथी मारणाऱ्या समाजात त्यांनी ते स्वतः हातात घेतलं. मैल्याचं खत करणं हा त्यांच्या लेखी शेतीचा प्रश्न होता तितकाच माणुसकीचाही होता. त्यांच्याच वाटेवरून देहूचे डॉ. मापुसकर गेले. सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून आलेल्या या माणसाने उभं आयुष्य गावच्या संडासांवर आणि त्यांना जोडलेल्या बायोगॅस संयंत्रांवर घालवलं. 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. या दोघांच्याही आधी इंदूरच्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण आणि गोमूत्र यांपासून शास्त्रशुद्ध कंपोस्ट करण्याची पद्धत बसवली. त्यांचं पुस्तक 1931 साली निघालं आणि आज जगभर सेंद्रिय शेती म्हणून जे काही चालतं त्याच्या पायात ते आहे.

या सगळ्यांच्या सोनखतात आणि कंपोस्टात एक गोष्ट न बोलता धरलेली होती. खड्ड्यात जे पडतं ते कुठून आलं हे माहीत असतं. माणूस, गुरं, झाडाचा पाला. शहराच्या गटाराला हा नियम लागू होत नाही. तिथे संडासाच्या शेजारीच कपडे धुण्याचं पाणी येतं, गाड्या धुण्याच्या केंद्राचं येतं, दवाखान्याचं येतं, गल्लीतल्या क्रोम प्लेटिंगवाल्याचं येतं, छापखान्याचं, रंगाऱ्याचं, लाँड्रीचं आणि कधीकधी रात्री गुपचूप झाकण उघडून ओतलेल्या टँकरचंही येतं. एकदा ते एकत्र झालं की वेगळं करता येत नाही.

मैलापाणी शुद्ध करण्याची आज सर्वत्र चालणारी पद्धत मँचेस्टरमध्ये 1914 साली जन्मली. आर्डर्न आणि लॉकेट या दोन रसायनतज्ज्ञांनी ती मांडली, आणि त्यांना ज्यांनी वाट दाखवली ते गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. पद्धत दिसायला साधी आहे. टाकीत हवा सोडायची, जिवाणूंना प्राणवायू मिळतो, ते पाण्यातली घाण खातात, त्यांचे पुंजके होतात आणि ते पुंजके तळाशी बसतात. वरचं निवळ पाणी नदीत सोडायचं आणि खालचा गाळ काढून घ्यायचा. पण जिवाणूंना पचतं तेवढंच ते खातात. कॅडमियम, शिसं, पारा, निकेल कोणालाच पचत नाहीत. ते या पुंजक्यांना चिकटतात आणि त्यांच्याबरोबर तळाशी जातात. तेलकट, पाण्यात न विरघळणारी रसायनंही तशीच. म्हणजे केंद्र जितकं चांगलं चालेल, पाणी जितकं स्वच्छ बाहेर पडेल, तितका गाळ अधिक मळका. घाण नाहीशी होत नाही, ती जागा बदलते. हे गणित एकदा नीट लक्षात घेतलं की पुढचा सगळा इतिहास उलगडतो.

तो इतिहास सगळ्यांत स्पष्ट दिसतो अमेरिकेत. 1972 च्या कायद्याने तिथल्या नद्या स्वच्छ करण्यासाठी शहराशहरांत प्रक्रिया केंद्रं उभी राहिली आणि गाळाचे डोंगर साचू लागले. न्यूयॉर्क आपला गाळ बार्जमध्ये भरून समुद्रात टाकत असे, आधी किनाऱ्यापासून 12 मैलांवर, मग 106 मैलांवर. 1988 मध्ये कायदा करून हे थांबवायचं ठरलं आणि 1992 मध्ये ते थांबलं. मग तोच गाळ आगगाडीत चढला आणि टेक्सासच्या सिएरा ब्लांका नावाच्या गरीब, दूरच्या गावाजवळच्या माळरानावर जाऊन पडू लागला. 1993 साली तिथल्या पर्यावरण संस्थेने शेतात गाळ टाकण्याचे नियम केले. त्यात रोगजंतूंविषयी अटी होत्या आणि दहा धातूंच्या मर्यादा होत्या, पुढे त्यांतल्या नऊच उरल्या. नऊ धातू, बाकी काही नाही. त्याच संस्थेच्या अंतर्गत तपास विभागाने 2018 मध्ये अहवाल दिला की गाळात सापडलेली 352 प्रदूषकं अशी आहेत, ज्यांच्या सुरक्षिततेबद्दल काही ठरवण्यापुरतीही माहिती संस्थेकडे नाही. नियम होऊन तोवर 25 वर्षं उलटली होती, आणि त्या सगळ्या काळात शेतकऱ्याला सांगितलं जात होतं की हा माल सरकारी नियमात बसतो.

धातूंच्या बाबतीत एक गोष्ट मात्र मोकळेपणाने मान्य करायला हवी. कारखान्यांना त्यांचं पाणी गटारात सोडण्याआधी स्वतःच्या आवारात शुद्ध करायला लावल्यावर अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या गाळातलं धातूंचं प्रमाण खूप खाली आलं. गाळ साफ करण्याची कोणतीही जादू कोणी शोधली नव्हती. उगमाशी हात घातला, एवढंच. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

तोवर जमिनीत जे गेलं ते मात्र गेलंच. इंग्लंडमध्ये वोबर्न इथे 1942 ते 1961 या काळात एका प्रयोगक्षेत्रात नियमाने गाळ टाकला होता. टाकणं बंद झाल्यावर दोन दशकांनी रॉथमस्टेडच्या शास्त्रज्ञांनी तिथली माती तपासली. बहुतेक धातू वरच्या थरातच बसून होते. मग त्यांच्या लक्षात आलं की तिथे लावलेलं क्लोव्हर, म्हणजे आपल्या बरसीमच्या जवळचं चाऱ्याचं पीक, खुरटतंय. त्याच्या मुळांवरच्या गाठी नत्र धरत नव्हत्या. मातीतले रायझोबियम जिवाणू धातूंनी मारून टाकले होते, आणि जे थोडे टिकले होते त्यांचा नत्र धरण्याचा गुण गेला होता. तूर, हरभरा, मूग घेणाऱ्या शेतकऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. नत्र देण्यासाठी टाकलेल्या वस्तूनेच नत्र आणणारा कामगार मेला, तोही असा की वीस वर्षं कोणाला पत्ता लागला नाही.

आता मेन या राज्याकडे येतो. अमेरिकेच्या ईशान्य टोकाचं हे राज्य, लहान दूधउत्पादकांचं आणि कागद गिरण्यांचं. तिथल्या अरुंडेल गावात स्टोनरिज नावाची शंभर वर्षांहून जुनी गोठा-शेती होती. 1980 च्या दशकापासून सुमारे वीस वर्षं त्या शेतावर गाळ पसरला गेला, राज्याच्या परवान्याने, खत म्हणून. शेतकऱ्याचा यात फायदा होता, शहराचा होता आणि कोणी काही लपवूनही करत नव्हतं. 2016 मध्ये शेजारच्या पाणीपुरवठा संस्थेने आपल्या विहिरीचं पाणी तपासलं, तेव्हा त्यात पीफास गटातली रसायनं निघाली. शोध घेत घेत माग शेताशी पोचला. गवतात सापडलं, मातीत सापडलं, गायींच्या दुधात राज्याच्या मर्यादेच्या कित्येक पट सापडलं. ती मर्यादा किती, तर याच गटातल्या पीफॉस नावाच्या रसायनासाठी एक लिटर दुधात 210 नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. डोळ्यांना, जिभेला, नाकाला, गवळ्याच्या अनुभवाला यातलं काही कळत नाही. गाय आजारी दिसत नाही, दूध नासत नाही. दुधाची विक्री बंद झाली आणि तीन पिढ्यांचा धंदा बसला. घरच्या माणसांच्या रक्तातही तीच रसायनं निघाली.

पीफास ही हजारो रसायनांची मोठी जमात आहे. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध हा सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या सर्वांत घट्ट बंधांपैकी एक, आणि या जमातीचं सगळं सामर्थ्य त्यात आहे. पाणी चिकटत नाही, तेल चिकटत नाही, उष्णतेने बिघडत नाही. म्हणून न चिकटणारे तवे, डाग न पडणारे गालिचे, पावसाळी जॅकेटं, तेल न झिरपणारे खाण्याचे कागद, विमानतळावरचा आग विझवण्याचा फेस आणि क्रोम प्लेटिंगच्या हौदावर वाफ दाबून ठेवणारं द्रव्य, अशा असंख्य ठिकाणी ती वापरली गेली. त्याच घट्ट बंधामुळे मातीतले जिवाणू, ऊन, पाऊस त्यांचं काही वाकडं करू शकत नाहीत. यातल्या पीफोआ या रसायनाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2023 मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात बसवलं. प्रक्रिया केंद्रात तर याहून विपरीत घडतं. या जमातीतली काही मोठी, मोजणीत न येणारी रसायनं टाकीत अर्धवट तुटतात आणि त्यांतून पीफॉस किंवा पीफोआच तयार होतं. त्यामुळे कधीकधी आत येणाऱ्या पाण्यात जितकं सापडतं त्याहून जास्त बाहेर पडणाऱ्या पाण्यात आणि गाळात मिळून सापडतं.

मेनमध्ये पुढे फेअरफील्ड भागात आणखी वाईट आकडे निघाले. विहिरी गेल्या, अंडी गेली, आणि 2021 मध्ये राज्याला शिकाऱ्यांना सांगावं लागलं की या भागातलं हरीण खाऊ नका, कारण तेही त्याच शेतांत चरतं. पण मला सगळ्यांत अस्वस्थ करून गेलं ते युनिटी गावातल्या साँगबर्ड फार्मचं प्रकरण. तरुण जोडप्याने 2014 मध्ये ती जमीन विकत घेतली. भाजीपाला, धान्य, सगळं सेंद्रिय, प्रमाणपत्रासह. स्वतः कधी गाळाची पाटीही टाकली नव्हती. तो टाकला होता आधीच्या मालकाच्या काळात, 1990 च्या दशकात. 2021 च्या अखेरीस त्यांनी स्वतः पुढाकार घेऊन माती-पाणी तपासून घेतलं, आकडे आल्यावर विक्री थांबवली आणि आपण होऊन गिऱ्हाइकांना कळवलं. प्रामाणिकपणाची किंमत म्हणून त्यांची शेती गेली. चोर सोडून संन्याशाला सुळी, याला दुसरं काय म्हणायचं?

पण साँगबर्डच्या जोडप्याला शंका घ्यायला जागा का मिळाली, हे पाहण्यासारखं आहे. मेनमध्ये गाळ टाकायला परवाना लागत होता, आणि परवान्यांच्या त्या जुन्या फायली शिल्लक होत्या. कोणत्या शेतात गाळ टाकायला परवानगी मिळाली होती हे नकाशावर मांडता येत होतं. त्या नोंदींच्या आधारे राज्याने सातशेहून अधिक जागा तपासायला घेतल्या. 2022 मध्ये मेनने शेतात गाळ टाकण्यावर सरसकट बंदी आणली, असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य, आणि बाधित शेतकऱ्यांसाठी 6 कोटी डॉलरचा निधी उभारला.

बंदीनंतर काय झालं तेही सांगायला हवं, कारण बंदीची मागणी करणारे बहुधा इथवर येऊन थांबतात. शहरं गाळ निर्माण करायची थांबली नाहीत. तो कचऱ्याच्या भरावात जाऊ लागला. ओला गाळ भरावात फार पडला की उतार घसरू लागतो, म्हणून 2023 च्या सुरुवातीला तिथल्या मुख्य भरावाने गाळ घेणं कमी केलं आणि तो ट्रकने सरहद्दीपार कॅनडात पाठवायची वेळ आली. घाणीने पुन्हा एकदा जागा बदलली. भरावातून जे पाणी पाझरतं ते पुन्हा एखाद्या प्रक्रिया केंद्रातच येतं, हे तर आणखी वेगळं. स्वित्झर्लंडने 2003 पासून टप्प्याटप्प्याने शेतातला गाळ बंद केला आणि तो जाळायला घेतला. जर्मनीने 2017 मध्ये नियम केला की मोठ्या केंद्रांनी 2029 पासून गाळातलं किंवा त्याच्या राखेतलं स्फुरद काढून घ्यायचं. वाट चांगली आहे, पण भट्ट्या महाग, इंधन महाग, आणि नत्र व कर्ब धुरात जातात ते जातातच. आपल्या नगरपालिकांना उद्या हे जमेल असं मी म्हणणार नाही.

मग करायचं काय? माझ्या मते या प्रश्नाचं सर्वांत चांगलं उत्तर मिशिगन राज्यातल्या लापीर या छोट्या शहराने दिलं. 2017 मध्ये तिथल्या प्रक्रिया केंद्राच्या पाण्यात पीफॉसचे भयंकर आकडे आले. गाळ वर्षानुवर्षं शेतात जात होता. मग नगरपालिकेने एकेक मॅनहोल उघडून, नमुने घेत घेत, पाण्याच्या उलट दिशेने माग काढला. माग एका प्लेटिंगच्या कारखान्याशी संपला. एका. त्या कारखान्याने आपल्या पाण्यासाठी सक्रिय कार्बनची गाळणी बसवली आणि केंद्रातून बाहेर पडणारं पीफॉस जवळजवळ 99 टक्के कमी झालं. एका कारखान्याच्या एका नळाने अख्ख्या शहराचा गाळ नासवला होता. हजारो कुटुंबांचं सोनखत एका हौदाच्या पाण्याने वाया गेलं होतं. स्वीडनमध्ये तर शेतकऱ्यांची संघटना आणि पाणीपुरवठा संस्था यांनी मिळून 2008 पासून गाळाचं प्रमाणपत्र चालवलं आहे. त्याची मुख्य अट गाळाच्या गुणवत्तेइतकीच उगमाकडच्या कामाची आहे: शहरात कोण काय सोडतो याचा माग काढत राहायचं आणि ते दरवर्षी कमी करत न्यायचं. आडात आहे तेच पोहऱ्यात येणार. शेताच्या बांधावर उभं राहून पोहरा तपासत बसण्यापेक्षा आड कोण बिघडवतं हे पाहणं स्वस्तही आहे आणि न्यायाचंही आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. ज्या देशात निम्म्याहून जास्त मैलापाणी प्रक्रियेशिवाय नदीत जातं, तिथे नॅनोग्रॅमची चर्चा कशाला? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या आकडेवारीत देशात रोज 7,236 कोटी लिटर शहरी मैलापाणी तयार होत होतं आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती 2,023 कोटी लिटरवर. बाकीचं सरळ ओढ्यात, नदीत, आणि नदीतून मोटारीने शेतात. पुण्याखालच्या मुळा-मुठेच्या काठावरच्या शेतकऱ्याला गाळाची वेगळी भीती ती काय घालायची, पाण्यातून ते सगळं त्याच्या वाफ्यात येतंच आहे. हे खरं आहे. पण म्हणूनच आत्ताची वेळ महत्त्वाची आहे. मुंबईत वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वर्सोवा अशी सात नवी केंद्रं बांधली जात आहेत, त्यांची एकत्र क्षमता रोज 246 कोटी लिटरची. पुण्यात जपानी कर्जातून अकरा केंद्रं होत आहेत. दर दहा लाख लिटरमागे दीडशे ते अडीचशे किलो कोरडा गाळ, असा ढोबळ हिशेब अभियंते धरतात. म्हणजे एकट्या मुंबईत रोजचा काही शे टन. आजवर मुंबईचं बरंचसं मैलापाणी जुजबी प्रक्रिया करून समुद्रात जात होतं. ते थांबणार ही आनंदाची गोष्ट आहे, पण समुद्रात जाणारी घाण आता गाळ होऊन जमिनीवर येणार. न्यूयॉर्कला 1992 मध्ये जो प्रश्न पडला, त्याच प्रश्नापाशी आपण आलो आहोत.

आणि आपल्याकडे तयारी काय? कागदावर शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशात धातूंच्या मर्यादा आहेत, आणि त्या ढिल्या नाहीत. कॅडमियम किलोमागे 5 मिलिग्रॅमच्या आत हवं, जिथे अमेरिका चांगल्यातल्या चांगल्या गाळालाही 39 पर्यंत चालवून घेते. पण ही मर्यादा गोणीत भरून विकल्या जाणाऱ्या खताला. वाळवण वाफ्यावरून डंपरमध्ये भरून, डिझेलच्या खर्चात किंवा फुकट, रात्रीतून बांधावर आलेल्या गाळाची परीक्षा कोण करतं? पीफास, औषधांचे अंश, साबणांतली जंतुनाशकं, कृत्रिम कपड्यांच्या धुण्यातून येणारे प्लास्टिकचे धागे, यांपैकी एकाचंही नाव त्या यादीत नाही.

मर्यादा सगळीकडे सारखी असावी का, हाही प्रश्न आहे. मराठवाड्यातली चुनखडीयुक्त काळी जमीन कॅडमियम धरून ठेवते, पिकाला सहजी देत नाही. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी, तिथे तेच कॅडमियम मोकळं होतं आणि मुळांना सापडतं. पालक, माठ, मेथी यांसारख्या पालेभाज्या ते भराभर उचलतात. तेव्हा शहराजवळचा भाजीवाला शेतकरी, ज्याला हा गाळ सगळ्यांत सोयीचा पडतो, तोच सगळ्यांत जास्त धोक्यात. त्यात हेही जोडायला हवं की आपण वापरतो त्या फॉस्फेट खतांतही कॅडमियम थोडंफार असतंच. गाळाचं कॅडमियम त्याच्यावर चढतं. जमिनीच्या खात्यात सगळ्यांची बेरीज होते, वजाबाकी जवळजवळ होतच नाही.

मेनची गोष्ट लांबची वाटत असेल तर रत्नागिरी जिल्ह्याकडे बघावं. इटलीत व्हिचेंझाजवळ त्रिस्सिनो गावात मितेनी नावाचा पीफास बनवणारा कारखाना होता. त्याने व्हेनेतो प्रांतातल्या सुमारे साडेतीन लाख लोकांचं पिण्याचं पाणी बिघडवलं. 2018 मध्ये तो दिवाळखोरीत गेला. जून 2025 मध्ये तिथल्या न्यायालयाने त्याच्याशी संबंधित अकरा अधिकाऱ्यांना मिळून 141 वर्षांची शिक्षा सुनावली. त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात विकली गेली आणि बोटीने येऊन खेड तालुक्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत उभी राहिली. तिथे प्रदूषण झालं आहे असा आरोप मी करत नाही, माझ्याकडे तसा पुरावा नाही. मी विचारतो ते इतकंच: लोट्याच्या सामायिक प्रक्रिया केंद्राच्या गाळात, नाल्याच्या पाण्यात आणि दाभोळ खाडीच्या चिखलात ही रसायनं नियमाने मोजली जाणार आहेत का, आणि मोजली तर आकडे गावाला कळणार आहेत का? युरोपला जे नकोसं झालं ते आपल्या दारात आलं, तर मोजमापही त्याच बोटीने यायला हवं होतं.

शासनाकडून मला जे हवं आहे त्यातलं बरंचसं महाग नाही. औद्योगिक सांडपाणी आणि घरगुती मैलापाणी यांच्या वाहिन्या वेगळ्या ठेवणं हे मोठं, खर्चाचं, वर्षानुवर्षांचं काम आहे, ते सुरू तरी व्हावं. शहराच्या आत मिसळलेल्या छोट्या प्लेटिंग, रंगाई आणि धुलाईच्या युनिटांवर पोलिसी धाड टाकून काही साधत नाही. त्यांना चार-पाच जणांत मिळून लहान शुद्धीकरणाची सोय करून दिली तर ते वापरतील, कारण त्यांनाही रोजचा ससेमिरा नको आहे. जो रसायन बनवतो किंवा वापरतो त्याने तपासणीचा खर्च द्यावा. आणि बिघडलेल्या जमिनीची भरपाई कोण देणार हे गाळ उचलण्याआधी कागदावर लिहिलेलं असावं. आज ते कुठेच लिहिलेलं नाही, त्यामुळे ती आपोआप शेतकऱ्याच्या अंगावर पडते.

दुसरी गोष्ट नोंदीची. आपल्या सातबाऱ्यावर गट नंबर असतो, मालक असतो, बोजा असतो, पीकपाणी असतं. 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवर आपल्या पिकाचा फोटो चढवतो. कोणत्या गटात, कोणत्या केंद्राचा, किती टन गाळ, कोणत्या तारखेला पडला, याचा एक रकाना त्यात घालणं अवघड नाही. जमीन विकत घेणाऱ्याला, कुळाला, वीस वर्षांनी तिथे विहीर खणणाऱ्याला ते कळण्याचा हक्क आहे. मेनला हे शोधता आलं ते जुन्या फायलींमुळे. आपल्याकडे चाळीस वर्षांनी कोणी शोधायला निघालं तर त्याच्या हाती काय लागेल?

तिसरी गोष्ट त्याहून साधी. रॉथमस्टेडला 1840 च्या दशकापासूनच्या मातीचे आणि पिकांचे नमुने बाटल्यांत भरून ठेवलेले आहेत, म्हणून शंभर वर्षांपूर्वीच्या मातीत काय होतं हे आजच्या यंत्रावर तपासता येतं. ज्या रसायनाचं नावही आज आपल्याला माहीत नाही, ते उद्या त्या बाटलीत शोधता येईल. मुंबई-पुण्याची नवी केंद्रं सुरू होतील तेव्हा पहिल्या दिवसापासून दर महिन्याच्या गाळाचा एक नमुना, आणि गाळ ज्या शेतात जाईल तिथल्या मातीचा गाळ पडण्याआधीचा एक नमुना, राहुरी, दापोली, परभणी किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठात लेबल लावून ठेवावा. एक कपाट, काचेच्या बरण्या आणि नोंदवही सांभाळणारा एक माणूस, इतकाच खर्च. केंद्र चालवण्याच्या कंत्राटात हे एक कलम आत्ता, गाळाचा पहिला डंपर बाहेर पडण्याआधी, घालता येईल. डंपर गेल्यावर गाळ पडण्याआधीची माती परत मिळणार नाही.